हवामानाच्या ॲपचा अंदाज जुळत नाही: काय तपासावे, कोणत्या क्रमाने तपासावे आणि कुठे थांबावे

लक्षणे

यावल तालुक्यातील आमच्या कृषी सेवा केंद्रात हंगामात खताच्या पावतीबरोबर मोबाइलही काउंटरवर ठेवला जातो आणि तक्रार ठरलेली असते: ‘भाऊ, हे हवामानाचं ॲप खोटं सांगतं.’ या एका वाक्याखाली निरनिराळे दोष असतात, म्हणून नेमके काय घडते ते आधी विचारून घ्यावे लागते. वारंवार समोर येणारी लक्षणे अशी आहेत.

- ॲपवर ढग आणि थेंबांचे चित्र असते, शिवारात मात्र कडक ऊन. किंवा ॲपवर स्वच्छ सूर्य असतो आणि वेचणीला आलेला कापूस भिजतो.
- होम स्क्रीनवरील हवामानाची चौकट रात्री नऊ वाजताही दुपारचेच ४१ अंश दाखवत राहते.
- सकाळी पाहिलेला अंदाज दुपारी बदललेला असतो.
- वाऱ्याचा किंवा पावसाचा आकडा अविश्वसनीय वाटतो, किंवा बातमीतल्या आकड्याशी जुळत नाही.
- एकाच फोनवरील दोन ॲपपैकी एक ७० टक्के शक्यता सांगते, दुसरे २० टक्के.
- विजेचा किंवा वादळाचा इशारा पाऊस पडून गेल्यावर येतो, किंवा येतच नाही.
- गावात थेंबही नसताना नदीचे पाणी चढते.

यांपैकी पहिली चार लक्षणे बहुतेक वेळा एक रुपयाही खर्च न करता, फोन हातात धरूनच दूर होतात. पुढच्या लक्षणांसाठी अंदाज वाचायची पद्धत बदलावी लागते, आणि शेवटचे लक्षण तर ॲपच्या आवाक्याबाहेरचेच आहे. म्हणून तपासणी याच क्रमाने करावी. ॲप काढून दुसरे टाकण्याची घाई करू नये, कारण स्थान चुकलेले असेल तर नवे ॲपही त्याच चुकीच्या गावाचा अंदाज दाखवते आणि तक्रार तशीच राहते.

पहिली तपासणी: वर लिहिलेले गाव तुमचेच आहे का?

ॲप उघडल्यावर तापमानाच्या मोठ्या आकड्याकडे सगळ्यांचे लक्ष जाते, पण त्याच्यावर बारीक अक्षरांत लिहिलेले गावाचे नाव फारच थोडे लोक वाचतात. सर्वाधिक दोष तिथेच सापडतो.

फोनमधील लोकेशन बंद असेल तर अनेक ॲप इंटरनेट जोडणीवरून ठिकाणाचा तर्क करतात, आणि ती जोडणी ज्या शहरातून येते ते शहर, म्हणजे नाशिक, पुणे किंवा मुंबई, तुमचे गाव म्हणून दाखवतात. जुलैमध्ये मुंबईचा पाऊस चोपड्याच्या माणसाला दिसू लागला तर त्याला अंदाज खोटाच वाटणार. दुसरा प्रकार कामासाठी बाहेरगावी असणाऱ्यांच्या फोनमध्ये आढळतो. सुरतेला कामाला असलेला मुलगा दिवाळीला घरी येतो आणि आपला जुना फोन वडिलांना देऊन जातो. त्या फोनमध्ये सुरत हे शहर कायमचे साठवलेले असते आणि पुढचे कित्येक महिने वडील सुरतेचा अंदाज पाहून फवारणी ठरवतात.

तिसरा प्रकार एकाच नावाच्या गावांचा. पिंपळनेर साक्री तालुक्यात आहे, तसे बीड आणि सोलापूर जिल्ह्यांतही आहे. अमळनेर बीड जिल्ह्यात आहे, शिरपूर वाशीम जिल्ह्यात आहे आणि नवापूर पालघरच्या किनाऱ्यावरही आहे. शोधात नाव टाकल्यावर आलेल्या यादीतील पहिल्याच नावावर बोट न ठेवता त्यापुढे जळगाव, धुळे किंवा नंदुरबार लिहिलेले आहे का, हे पाहूनच निवड करावी.

उपाय असा करावा. फोनचे लोकेशन सुरू करावे, ॲपला लोकेशनची परवानगी द्यावी आणि त्यात ‘अचूक स्थान’ हा पर्यायही चालू ठेवावा. लहान गावाचे नाव यादीत येत नसेल तर नकाशावर थेट आपल्या शेतावर खूण करावी. घर आणि शेत यांत आठ-दहा किलोमीटरचे अंतर असेल तर दोन्ही ठिकाणे वेगवेगळी साठवावीत. सातपुड्यातील लोकांनी याबाबत अधिक दक्ष राहिले पाहिजे. तोरणमाळ हजार मीटरहून अधिक उंचीवर आहे आणि उंचीबरोबर दर हजार मीटरला तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरते. त्यामुळे जवळचे मोठे गाव म्हणून ॲपने शहादा धरले तर तापमान, धुके आणि पाऊस या तिन्ही गोष्टी निरुपयोगी ठरतात.

दुसरी तपासणी: अंदाज कोणत्या वेळचा आहे?

गाव बरोबर असेल तर ‘शेवटचे अपडेट’ ही ओळ शोधावी. बॅटरी सेव्हर चालू असला किंवा ॲपला पार्श्वभूमीत डेटा वापरण्याची मुभा नसली, की होम स्क्रीनवरील चौकट तासन्‌तास जुनीच राहते. चौकटीवर विसंबू नये; ॲप उघडून, पडदा बोटाने खाली ओढून ताजा अंदाज मागवावा. रेंज नसलेल्या शिवारात ॲप जुना साठवलेला अंदाज दाखवते आणि तो जुना आहे हे ठळकपणे सांगत नाही, म्हणून शेताकडे निघण्यापूर्वी गावातच पाहून घ्यावे.

सकाळचा अंदाज दुपारी बदलणे हा मात्र दोष नाही. जगभरातील हवामान केंद्रे आपल्या घड्याळाप्रमाणे पहाटे ५:३० आणि सायंकाळी ५:३० या वेळांसाठी फुगे सोडून वरच्या हवेची मोजणी करतात. त्या मोजणीवर संगणकाचे गणित चालायला काही तास लागतात. मोठ्या केंद्रांची गणिते दिवसातून चार वेळा नव्याने होतात. ताजी मोजणी आल्यावर अंदाज सुधारणे हेच अपेक्षित आहे. म्हणून महत्त्वाच्या कामासाठी रात्री झोपण्यापूर्वी एकदा आणि काम सुरू करण्यापूर्वी एकदा, अशा दोन वेळा पाहावे आणि नंतरचा अंदाज ग्राह्य धरावा.

याच तपासणीत व्हॉट्सॲपवर फिरणारे इशारेही येतात. हवामान विभागाचा तात्काळ अंदाज पुढच्या ३ तासांपुरता असतो, आणि ग्रुपमधून ग्रुपमध्ये फिरत तो हाती येईपर्यंत त्याची मुदत बहुधा संपलेली असते. कधी कधी तर तो मागच्या वर्षीचाच असतो. संदेशात तारीख, जारी केल्याची वेळ आणि जिल्ह्याचे नाव या तिन्ही गोष्टी नसतील तर तो पुढे पाठवू नये. अशा एका जुन्या संदेशाने मजूर परत जातात, भाड्याने आणलेला ट्रॅक्टर उभा राहतो, आणि पुढे खरा इशारा आला की त्याकडे कोणी लक्ष देत नाही. हे नुकसान मला सर्वांत मोठे वाटते.

तिसरी तपासणी: एकके

ही तपासणी लवकर होते. पाऊस मिलिमीटरमध्ये आहे की इंचांत (१ इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर), तापमान सेल्सिअसमध्ये आहे का, आणि वारा कशात मोजलेला आहे, हे सेटिंगमध्ये पाहावे. वाऱ्याचे एकक विशेष महत्त्वाचे आहे. सेकंदाला १० मीटर म्हणजे ताशी ३६ किलोमीटर. हा आकडा ताशी १० किलोमीटर समजून कोणी केळीच्या घडांना टेकू देण्याचे काम पुढे ढकलले तर बाग आडवी होण्याची वेळ येते. सरासरी वारा आणि झोत हे दोन आकडे वेगळे दिलेले असतील तर केळीसाठी झोताचा आकडा पाहावा.

पावसाच्या बातमीतील आकडा जुळत नाही, याचे कारण बहुधा तारखेत असते. हवामान विभाग पावसाचा दिवस सकाळी ८:३० ते दुसऱ्या दिवशी सकाळी ८:३० असा धरतो, त्यामुळे १४ तारखेच्या संध्याकाळी पडलेला पाऊस १५ तारखेच्या नोंदीत दिसतो. तापमानाचेही तसेच आहे: अधिकृत तापमान सावलीत, हवा खेळती असलेल्या पेटीत मोजतात. उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या काट्यावरील आकडा त्याहून जास्तच असणार, आणि ॲपवरील ‘जाणवणारे तापमान’ हा तर तिसराच हिशोब आहे.

चौथी तपासणी: टक्के, मिलिमीटर आणि ‘तुरळक ठिकाणी’

गाव, वेळ आणि एकक बरोबर असूनही तक्रार उरली, तर ती बहुतेक वेळा टक्क्यांच्या आकड्याची असते, आणि येथे थोडे थांबून समजून घेणे आवश्यक आहे.

‘पावसाची शक्यता ४० टक्के’ याचा अर्थ दिवसातील ४० टक्के वेळ पाऊस पडेल असा होत नाही, ४० टक्के शिवार भिजेल असाही होत नाही, आणि पावसाच्या जोराबद्दल तर तो आकडा काहीच सांगत नाही. आजच्यासारखी हवेची स्थिती दहा वेळा आली, तर साधारण चार वेळा तुमच्या ठिकाणी मोजण्याइतका पाऊस पडतो आणि सहा वेळा पडत नाही, एवढेच त्यातून समजावे. म्हणून ४० टक्के दाखवून पाऊस आला नाही तर ॲप खोटे ठरत नाही. उलट, ४० टक्के दाखवलेल्या प्रत्येक दिवशी पाऊस पडू लागला तर त्या ॲपचे टक्के सदोष मानावे लागतील. तासागणिक दिलेल्या टक्क्यांची बेरीजही करायची नसते.

जोरासाठी मिलिमीटरचा आकडा वेगळा पाहावा. हवामान विभागाच्या वर्गवारीत २४ तासांतील २.५ ते १५.५ मिलिमीटर पाऊस हलका, १५.६ ते ६४.४ मध्यम, ६४.५ ते ११५.५ जोरदार आणि ११५.६ ते २०४.४ अति जोरदार समजला जातो. ८० टक्के शक्यता आणि १ मिलिमीटर पाऊस, असे दोन आकडे एकत्र दिसले तर शिडकावा जवळजवळ नक्की आहे, पण त्याने पेरणीची ओल होणार नाही. याउलट ३० टक्के आणि ४० मिलिमीटर असे दिसले तर पाऊस येईलच असे नाही, पण आला तर नाले वाहतील. थेंबांचे चित्र या दोन्ही दिवशी सारखेच असू शकते, म्हणून चित्रावरून निर्णय घेऊ नये.

हवामान विभागाच्या निवेदनातील शब्दही मोजून वापरलेले असतात. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या विभागातील फार तर चौथा हिस्सा मोजणी केंद्रांवर पाऊस अपेक्षित आहे. उरलेली तीन चतुर्थांश केंद्रे कोरडी राहिली तरी ते भाकीत बरोबरच ठरते. खानदेशातील वाचकांची आणखी एक अडचण मी नेहमी पाहतो. टीव्हीवर कोकण, मराठवाडा आणि विदर्भ यांची नावे ऐकू येतात, खानदेशाचे नाव येत नाही, आणि आपल्यासाठी अंदाजच नाही असा समज होतो. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तिन्ही जिल्हे हवामान विभागाच्या हिशोबात ‘मध्य महाराष्ट्र’ या उपविभागात येतात. तेच नाव पुण्यालाही लागू आहे आणि कोल्हापूरलाही. म्हणून उपविभागाच्या निवेदनावर न थांबता ‘मौसम’ ॲपवर किंवा विभागाच्या संकेतस्थळावर आपल्या जिल्ह्याचा इशारा पाहावा.

आता दोन ॲप वेगवेगळे सांगतात तेव्हा काय करावे? दोन्हींनी वेगवेगळे गणित वापरलेले असते, आणि त्यांच्यातील फरक हीच उपयुक्त माहिती आहे: त्या दिवसाबद्दल अनिश्चितता मोठी आहे, असा त्याचा अर्थ घ्यावा. अशा वेळी कोणते ॲप खरे, असे विचारण्यापेक्षा पाऊस आलाच तर आपले किती जाते, असे विचारावे. नंदुरबारच्या पथारीवर लाल मिरची वाळत पडलेली असेल तर २० टक्के शक्यताही पुरेशी आहे. झाकण्याची मजुरी एका दिवसाची असते आणि भिजलेल्या मिरचीचा रंग पुन्हा येत नाही. गच्चीवरील कुरडया आणि बिबड्यांसाठीही हाच हिशोब लावावा. बाजार समितीत मका न्यायचा असेल आणि ट्रॉलीवर ताडपत्री असेल, तर ३० टक्क्यांना थांबण्याचे कारण नाही. कपाशीवरील फवारणीसाठी औषधाच्या लेबलवर किती तास कोरडे हवे ते वाचावे आणि तेवढ्या तासांचे टक्के आणि वारा पाहावा. पूर्ण दिवसाच्या आकड्याचा त्यासाठी उपयोग नाही. युरियाच्या बाबतीत हलका पाऊस उपकारक असतो आणि जोरदार पाऊस खत वाहून नेतो, म्हणून तेथे टक्क्यांपेक्षा मिलिमीटर महत्त्वाचे ठरतात.

पाचवी तपासणी: इशारे येत का नाहीत?

फोनच्या सेटिंगमध्ये त्या ॲपच्या नोटिफिकेशन बंद केलेल्या असतात, किंवा बॅटरी वाचवण्यासाठी फोनच त्या ॲपला झोपवून ठेवतो. ॲपच्या बॅटरी सेटिंगमध्ये ‘निर्बंध नाहीत’ असा पर्याय निवडावा आणि लोकेशनची परवानगी ‘नेहमी’ अशी द्यावी, कारण ॲप बंद असताना तुम्ही शेतात आहात हे त्याला कळले तरच ते त्या जागेचा इशारा देऊ शकते.

कोणत्या कामासाठी कोणते ॲप, हेही पाहावे. विजेसाठी पुण्यातील भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ आहे. ते तुमच्या भोवतीच्या २० ते ४० किलोमीटरमधील विजा दाखवते. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे ‘सचेत’ सर्व प्रकारच्या आपत्तींचे इशारे देते. ‘मेघदूत’वर जिल्ह्याचा अंदाज आणि पिकांचा सल्ला येतो, हा सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी नवा होतो, त्यामुळे त्यात तासाभराचा इशारा शोधणे व्यर्थ आहे. रंगांचा अर्थ घरातील सर्वांना ठाऊक असावा: पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा.

सहावी तपासणी: किती पुढचे पाहत आहात, आणि कोणत्या दिवसांत?

लग्नाची तारीख धरून पंधरा दिवस आधी ॲपवर ऊन-पाऊस पाहणारे अनेक जण भेटतात. पडद्यावर पंधराव्या दिवसाचा आकडा उद्याच्या आकड्याइतकाच ठसठशीत दिसतो, पण दोघांची विश्वासार्हता सारखी नसते. तीन दिवसांपर्यंतच्या अंदाजावर काम ठरवावे, सात दिवसांपर्यंतच्या अंदाजावरून कल फक्त ध्यानात घ्यावा, आणि त्यापुढच्या ठरावीक दिवसाच्या ठरावीक तासाला महत्त्व देऊ नये. मांडवाला ताडपत्री लावायची की नाही, हे तीन दिवस आधी ठरवले तरी चालते.

ऋतूचा फरक याहून मोठा आहे. जुलै-ऑगस्टमध्ये बंगालच्या उपसागरातील कमी दाबाचे क्षेत्र मध्य भारतावरून पश्चिमेकडे सरकते, तेव्हा पाऊस शेकडो किलोमीटरच्या पट्ट्यात पडतो आणि दोन-तीन दिवस आधीचा जिल्ह्याचा अंदाज चांगला जुळतो. मे महिन्यातील वळीव आणि परतीच्या दिवसांतील वादळी ढग मात्र काही किलोमीटर रुंदीचे असतात, दुपारनंतर उभे राहतात आणि एक-दीड तासात विरून जातात. हवामानाचे गणित जमीन चौकोनांत विभागून केले जाते. भारतीय हवामान विभागाने २०२५ च्या मे महिन्यात ६ किलोमीटरच्या चौकोनांची प्रणाली वापरात आणली, त्यापूर्वी हा चौकोन १२ किलोमीटरचा होता. सातपुड्याचा पायथा आणि त्याखालची केळीची बाग एकाच चौकोनात आली तर दोघांना एकच आकडा मिळतो, आणि प्रत्यक्षात ढग पायथ्याशीच बरसून थांबलेला असतो. फैजपूरला पाऊस आणि सावद्याला धूळ, असा अनुभव आपल्याकडे मे महिन्यात कोणालाही येतो; त्या दिवशी ॲपने खरे तर दोन्ही गावांना एवढेच सांगितलेले असते की आज हवा वादळाला पोषक आहे.

म्हणून या दिवसांत ॲप वापरण्याची पद्धत बदलावी. सकाळी फक्त वादळाची शक्यता आहे की नाही हे पाहावे. असेल तर उघड्यावरील काम दुपारपूर्वी संपवावे, आणि दुपारनंतर तीन तासांचा तात्काळ अंदाज व उपग्रहाचे चित्र पाहत राहावे. उपग्रहाच्या चित्रावर वेळ जागतिक प्रमाणवेळेत असेल तर त्यात ५ तास ३० मिनिटे मिळवावीत. ॲपमधील हलणारे ‘रडार’ चित्र नेहमीच खऱ्या रडारचे नसते. कित्येकदा तो गणितावरून काढलेला अंदाजच असतो. शिवाय मुंबई, नागपूर आणि भोपाळ येथील रडार आपल्यापासून दूर आहेत. पृथ्वीच्या गोलाईमुळे रडारचा किरण अंतराबरोबर उंच जातो आणि दूरच्या जागी ढगाचा खालचा भाग त्याला दिसत नाही. त्यामुळे चित्रात काही नाही, एवढ्यावरून ढग नाही असे मानू नये.

थंडीत केळीला चरका लागण्याची, म्हणजे थंडीने इजा होण्याची, भीती असते तेव्हाही अशीच एक मर्यादा आहे. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री थंड हवा सखल भागात साचते, आणि नाल्याकाठच्या बागेतील किमान तापमान ॲपवरील आकड्यापेक्षा दोन-तीन अंशांनी खाली जाऊ शकते. बागेत साधा किमान-कमाल तापमापक टांगून एक थंडी पडताळून पाहिली की आपल्या बागेसाठी किती अंश वजा करायचे ते समजते.

सातवी तपासणी: अंगणातील पर्जन्यमापक

ही तपासणी सर्वांत कष्टाची आहे, कारण तिला संपूर्ण हंगाम द्यावा लागतो. पण ॲप खरोखर चुकते का, याचे उत्तर केवळ तिच्यातूनच मिळते. आठवणीत फसलेले दिवस राहतात आणि जुळलेले दिवस पुसले जातात.

सरळ, गुळगुळीत भिंतीची प्लास्टिकची बाटली घ्यावी. वरचा निमुळता भाग कापून, तोच उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवावा. तळाच्या खाचांमुळे मोजणी चुकते, म्हणून तळाशी खडे टाकून खाचा झाकल्या जाईपर्यंत पाणी ओतावे आणि त्या पातळीवर शून्याची रेघ मारावी. रेघेपासून वर प्लास्टिकची पट्टी चिकटवावी. पाणी १० मिलिमीटर चढले म्हणजे १० मिलिमीटर पाऊस. उन्हाने पातळी उतरते, तेव्हा रोज ती पुन्हा रेघेवर आणून ठेवावी. बाटली भिंतीजवळ किंवा झाडाखाली ठेवू नये. अडथळा जितका उंच, त्याच्या किमान दुप्पट अंतरावर ती असावी आणि वाऱ्याने पडू नये म्हणून विटांमध्ये बसवावी. एका एकरावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे ४,००० लिटर पाणी, हा हिशोब ठिबकचे तास कमी करताना उपयोगी पडतो.

रोज सकाळी ८:३० वाजता पातळी वाचून वहीत चार गोष्टी लिहाव्यात: तारीख, आदल्या रात्री ॲपने दिलेले टक्के, ॲपचे मिलिमीटर आणि बाटलीतील मिलिमीटर. हंगामाच्या शेवटी ३० टक्क्यांचे सगळे दिवस एकत्र काढून त्यांपैकी साधारण एक तृतीयांश दिवशी पाऊस पडला का, ते पाहावे. पडला असेल तर ते ॲप तुमच्या गावासाठी नीट चालते. ७० टक्के दाखवलेले दिवस वारंवार कोरडे जात असतील, किंवा मोठे पाऊस १० टक्क्यांच्या दिवशी पडत असतील, तरच ॲप बदलावे. शाळेतील मुलांकडे ही वही सोपवली तर ती अतिशय निष्ठेने लिहितात, असा आमच्या भागातील अनुभव आहे.

पाऊस नाही, तरी पूर

हे लक्षण ॲप दुरुस्त करून जाणार नाही. ॲप तुमच्या डोक्यावरील पाऊस सांगते. नदीत येणारे पाणी वरच्या खोऱ्यात पडलेल्या पावसाचे असते. तापी मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यातील मुलताईजवळ उगम पावते, विदर्भातून येणारी पूर्णा तिला चांगदेवजवळ मिळते, आणि या दोन्ही खोऱ्यांतील पाणी हतनूर धरणाच्या ४१ दरवाजांशी येते. बैतूल, बऱ्हाणपूर, अकोला आणि बुलढाणा ही नावे ॲपमध्ये साठवून तापीकाठच्या लोकांनी पावसाळ्यात रोज पाहावीत. गिरणाकाठच्यांनी कळवण आणि सटाणा, पांझराकाठच्यांनी साक्रीच्या पश्चिमेचा भाग पाहावा. तरीही दरवाजे केव्हा आणि किती उघडणार, हे ॲपवरून ठरत नाही. तो निर्णय धरणावरील अधिकाऱ्यांचा असतो, आणि जिल्हा प्रशासनाची सूचना आली की तीच अंतिम मानावी.

कुठे थांबावे आणि कोणाला विचारावे

विजेचा गडगडाट ऐकू आला की फोन पाहणे थांबवावे. आवाज ऐकू येतो म्हणजे वीज तुमच्यापर्यंत पोहोचण्याइतकी जवळ आहे. पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जावे, झाडाखाली व पत्र्याच्या उघड्या शेडखाली थांबू नये, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे बाहेर पडू नये. लाल इशारा असताना, पुलावरून पाणी जात असताना किंवा धरणाचे दरवाजे उघडल्याची सूचना असताना ॲपवरील स्वच्छ आकाशाच्या भरवशावर नदी ओलांडू नये. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाला १०७७ वर किंवा ११२ वर फोन करावा.

फवारणी पावसात धुतली गेली, तर पुन्हा तेच औषध त्याच मात्रेत मारण्याचा निर्णय ॲप पाहून किंवा आमच्यासारख्या दुकानदाराच्या एका शब्दावर घेऊ नये. पाल, ममुराबाद, धुळे किंवा कोळदा येथील कृषी विज्ञान केंद्राला विचारावे, केळीसाठी जळगावचे केळी संशोधन केंद्र आहे, आणि किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांक सकाळी ६ ते रात्री १० पर्यंत मराठीतही उत्तर देतो.

मोकळ्या आकाशाखाली उभे राहूनही नकाशाचे ॲप तुम्हाला दुसऱ्याच गावात दाखवत असेल, तर दोष हवामानाच्या ॲपमध्ये नसून फोनच्या जीपीएसमध्ये आहे. फोन एकदा बंद करून चालू करावा, सॉफ्टवेअर अपडेट करावे आणि तेवढ्याने भागले नाही तर दुरुस्ती करणाऱ्याकडे द्यावा. फोटो आणि नंबर दुसरीकडे जतन केल्याशिवाय फोन पूर्ण रिकामा करण्याचा प्रयोग घरी करू नये.

राहिला विम्याचा प्रश्न. हवामान आधारित फळपीक विम्यात केळीचे तापमान आणि वारा महसूल मंडळासाठी नेमलेल्या स्वयंचलित हवामान केंद्राच्या नोंदीवरून धरला जातो. ॲपचा स्क्रीनशॉट किंवा अंगणातील बाटलीची वही तेथे पुरावा म्हणून चालत नाही, म्हणून नुकसान झाल्यावर ॲपमधील आकडे शोधत बसू नये. त्याच दिवशी विमा कंपनीला कळवावे, कृषी सहायक आणि तलाठी यांच्याशी संपर्क साधावा, आणि आपल्या मंडळातील केंद्राने त्या तारखेला काय नोंदवले ते त्यांच्याकडून लेखी मागून घ्यावे.